अक्षर, संकेत आणि छेद : ‘तीर्थपुरी’ या शब्दाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने संगणकाच्या अंतर्रचनेत लक्ष घालावे काय, असा प्रश्न अजूनही आपल्या विभागांमधून विचारला जातो. छपाईयंत्राची रचना न समजताही ग्रंथाचे परीक्षण करता येते, त्याचप्रमाणे संगणकाचे तंत्र तंत्रज्ञांवर सोपवून आपण संहितेचा विचार करावा, अशी ही भूमिका आहे. ती वरवर पाहता योग्य वाटते. परंतु संहिता जेव्हा संगणकात साठविली जाते, शोधली जाते, मोजली जाते आणि तोडली जाते, तेव्हा ‘अक्षर म्हणजे काय’ या प्रश्नाचे एक उत्तर आधीच कोणीतरी देऊन ठेवलेले असते. ते उत्तर छंदःशास्त्राचे नसते आणि व्याकरणाचेही नसते. ते न तपासता काढलेले निष्कर्ष वाङ्मयीन निष्कर्ष म्हणून पुढे येतात, हा खरा धोका आहे. संगणकभाषा मजकुराचे संकेतन कसे हाताळतात आणि बाइटांच्या मापाने मजकूर तोडला असता मराठी शब्दाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे वळण्यास एक लहानसा प्रसंग कारणीभूत झाला. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गाव या परिसरात सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी एक छापील यादी आणून दाखविली. तिच्या नावासमोर गावाच्या रकान्यात ‘तीर’ एवढेच छापलेले होते आणि त्यापुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटले होते. “सर, हे कोणतं गाव?” असे तिने हसत विचारले. यादी कोणाची होती हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, नाव तोडणाऱ्या यंत्रास आपण काही तोडले याची जाणीव नव्हती. आणि तोडल्यानंतर उरलेला तुकडा हा मराठीतील एक अर्थपूर्ण शब्द होता.

वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे सभंग श्लेषाची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकाच वर्णसमूहाचे निराळ्या ठिकाणी विभाजन केले असता निराळा अर्थ निष्पन्न व्हावा, हे सभंग श्लेषाचे तत्त्व होय. फरक एवढाच की, कवीचा छेद सहेतुक असतो आणि यंत्राचा छेद निर्हेतुक. तो नेमका कोठे आणि का पडला, याचा शोध घेतल्यास सबंध प्रश्नाची उकल होते.

२. एका नावाची पाच मापे

‘तीर्थपुरी’ या शब्दात अक्षरे किती? छंदःशास्त्राचा विद्यार्थी सांगेल, चार : ती, र्थ, पु, री. त्यांचा लघुगुरुक्रम गुरू, लघू, लघू, गुरू असा असून मात्रा सहा होतात. व्याकरणाचा विद्यार्थी वर्ण मोजील : त्, ई, र्, थ्, अ, प्, उ, र्, ई. म्हणजे नऊ वर्ण. येथपर्यंत आपण आपल्या परंपरेच्या भूमीवर आहोत. वर्ण, अक्षर आणि मात्रा ही तीन मापे परस्परांहून भिन्न आहेत, याविषयी आपल्या शास्त्रात कधीही संदिग्धता नव्हती.

संगणकाकडे वळल्यास यात आणखी दोन मापांची भर पडते. युनिकोड या जागतिक संकेतनपद्धतीत प्रत्येक लेखनचिन्हास एक क्रमांक दिलेला असतो. त्यास आपण संकेतांक म्हणू. देवनागरीस यात २३०४ पासून २४३१ पर्यंत एकशे अठ्ठावीस जागा मिळाल्या आहेत. आपल्या शब्दाचे संकेतांक याप्रमाणे होतात : त, दीर्घ वेलांटी, र, हलन्तचिन्ह, थ, प, ऱ्हस्व उकार, र, दीर्घ वेलांटी. एकूण नऊ.

वर्णही नऊ आणि संकेतांकही नऊ, यावरून ही दोन मापे एकच आहेत असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. व्याकरणात ‘थ’ मधील अकार हा स्वतंत्र वर्ण म्हणून मोजला जातो. युनिकोडमध्ये अकार गृहीत धरलेला असतो आणि त्याचा अभाव हलन्तचिन्हाने दाखविला जातो. व्याकरण अकाराच्या अस्तित्वाची नोंद करते, तर युनिकोड त्याच्या अभावाची. ‘तीर्थपुरी’ या शब्दात एक अकार आणि एक हलन्त असल्यामुळे दोन्ही बेरजा योगायोगाने जुळल्या. ‘समर्थ’ हा शब्द घेतला तर वर्ण सात होतात (स्, अ, म्, अ, र्, थ्, अ) आणि संकेतांक पाचच (स, म, र, हलन्त, थ). म्हणून संकेतांकांची मोजणी म्हणजे वर्णांची मोजणी नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

पाचवे माप बाइटाचे. संगणकाची स्मृती बाइटांत विभागलेली असते आणि एका बाइटात शून्यापासून २५५ पर्यंतची एकच संख्या मावते. २३४० हा ‘त’ चा संकेतांक एका बाइटात बसत नाही. तो साठविण्यासाठी आज सर्वाधिक प्रचारात असलेली पद्धती म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये सिद्ध केली. या पद्धतीत रोमी लिपीची मूळ चिन्हे एका बाइटात, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. ‘त’ चे बाइट २२४, १६४, १६४. दीर्घ वेलांटीचे २२४, १६५, १२८. ‘र’ चे २२४, १६४, १७६. हलन्तचिन्हाचे २२४, १६५, १४१. नऊ चिन्हांचे मिळून सत्तावीस बाइट होतात.

आता त्या यादीतील छेदाचे गणित उलगडते. गावाच्या नावासाठी दहा बाइटांची जागा राखून ठेवली असावी. पहिल्या नऊ बाइटांत त, दीर्घ वेलांटी आणि र ही तीन चिन्हे पूर्ण बसतात : ‘तीर’. दहावा बाइट म्हणजे हलन्तचिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला, २२४. तो एकटा असल्यामुळे त्यास अर्थ नाही. आणि अर्थहीन बाइटाच्या जागी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह दाखविण्याची युनिकोडची रीत आहे. ते चिन्ह म्हणजे एका परीने यंत्राने दिलेली कबुलीच होय : येथे काहीतरी होते, ते आता वाचता येत नाही.

३. दहाचा आकडा कोठून आला?

दहा बाइटांची जागा राखणारा माणूस निष्काळजी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोमी लिपीत हे नाव नऊ अक्षरांचे आहे आणि त्यास नऊच बाइट लागतात. दहाची जागा त्यास पुरेशी होती. एवढेच नव्हे, तर भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या संकेतनातही ‘तीर्थपुरी’ नऊ बाइटांतच बसते. कारण इस्कीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटाचे आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान याच मार्गाने गेले. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची जी मांडणी स्वीकारली, तीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. म्हणजे चिन्हांची कल्पना तीच राहिली, पण त्यांच्या साठवणीचे माप तिप्पट झाले. जागेचा आकडा मात्र जुन्या काळचा तसाच राहून गेला.

नव्वदीच्या दशकात आपल्या प्रबंधांचे टंकलेखन ज्या फाँटांत झाले, त्यांची तऱ्हा याहूनही निराळी होती. त्यांत अक्षराचा अर्थ साठविला जात नसून केवळ आकृती साठविली जात असे. रोमी चिन्हांच्या जागांवर काना, अर्धे व्यंजन, रफार यांच्या आकृती बसविलेल्या असत. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर साठविला जाई. कागदावर हे सारे सुवाच्य दिसे. पण तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या मजकुराचा केवळ निरर्थक रोमी चिन्हांचा ढीग उरतो. महानुभावांच्या सकळ लिपीचा उलगडा वि. का. राजवाडे यांनी करीपर्यंत त्या पंथाचे ग्रंथ पंथाबाहेरील अभ्यासकांस बंद होते, हा इतिहास आपण शिकवितो. किल्ली हरवलेल्या फाँटात टंकलिखित झालेले प्रबंध ही त्याच जातीची अडचण आहे. फरक इतकाच की, येथे गुप्ततेचा हेतू कोणाचाच नव्हता.

४. संगणकभाषांच्या भूमिका

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निरनिराळ्या संगणकभाषांना ‘या मजकुराचे पहिले दहा द्या’ असे सांगितले, तर त्या ‘दहा’ म्हणजे दहा काय असे समजतात? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पाडता येतात.

पहिल्या वर्गातील भाषा बाइटालाच अक्षर मानतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी घडलेली सी ही भाषा या वर्गाची मूळपीठिका होय. तिच्या दृष्टीने ‘तीर्थपुरी’ या शब्दाची लांबी सत्तावीस आहे आणि दहा म्हणजे दहा बाइट. चिन्हाच्या मध्ये छेद पडला तरी ती कोणतीही सूचना देत नाही. पीएचपी या भाषेतील मजकूर तोडण्याची साधी आज्ञा हेच करते. चिन्हे ओळखून तोडणारी आज्ञा तीत वेगळी आहे आणि ती मुद्दाम वापरावी लागते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेतही छेद बाइटांच्याच मापाने पडतो. गंमत अशी की, यूटीएफ-८ चे दोन्ही कर्ते गो भाषेच्याही कर्त्यांपैकी आहेत. म्हणजे हा अज्ञानाचा परिणाम नाही. साठवण आणि वाचन या दोन वेगळ्या क्रिया आहेत, अशी ती विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. एकेक चिन्ह क्रमाने वाचण्याची सोय त्या भाषेत आहेच, आणि तसे वाचताना अर्धवट चिन्ह आढळल्यास त्याच्या जागी तेच प्रश्नचिन्ह येते. परंतु ही भूमिका ठाऊक नसलेल्याच्या हातून मराठी शब्द तुटतो.

दुसऱ्या वर्गात रस्ट ही २०१५ मध्ये स्थिर झालेली भाषा येते. तीही बाइटांनीच मोजते. मात्र छेद चिन्हाच्या मध्ये पडत असेल तर ती मजकूर तोडण्याचे नाकारते आणि आज्ञावली तेथेच थांबते. खोटा तुकडा देण्यापेक्षा काम बंद पाडणे बरे, असा तिचा कडक बाणा आहे. तथापि तिला दहाऐवजी नऊ बाइट मागितले, तर ती निमूटपणे ‘तीर’ हा तुकडा देते. तिची राखण चिन्हापुरती आहे, अक्षरापुरती नाही.

तिसऱ्या वर्गातील भाषा संकेतांक मोजतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत, जिचा अधिकृत सांभाळ जानेवारी २०२० मध्ये थांबला, साधा मजकूर म्हणजे बाइटांचीच माळ होती. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट हे दोन भिन्न प्रकार मानले. तिच्या लेखी ‘तीर्थपुरी’ ची लांबी नऊ, आणि पहिली दहा चिन्हे मागितली तर अख्खे नाव मिळते. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषाही येथे नऊच म्हणतील. पण त्या मोजतात ते संकेतांक नव्हेत, तर सोळा बिटांचे घटक. जगातील सर्व चिन्हे ६५,५३६ जागांत मावतील, या जुन्या समजुतीवर ती व्यवस्था उभी आहे. देवनागरीपुरता फरक पडत नाही. परंतु मोडी लिपीस २०१४ च्या सातव्या आवृत्तीत युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ते या मर्यादेच्या पलीकडे. त्यामुळे मोडीच्या प्रत्येक चिन्हास या भाषांत दोन घटक लागतात आणि छेद त्या दोहोंच्या मध्ये पडू शकतो. यूटीएफ-८ मध्ये मोडीचे चिन्ह चार बाइटांचे होते. मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतराची कामे हाती घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

चौथ्या वर्गात स्विफ्ट ही २०१४ मधील भाषा येते. वाचकास एक वाटेल तेवढा चिन्हांचा गुच्छ हे तिचे माप आहे. मराठीच्या दृष्टीने हाच सर्वांत आशादायक मार्ग. परंतु गुच्छ कोठे संपतो याचे नियम युनिकोडने ठरवून दिलेले असतात आणि त्या नियमांत दीर्घ काळ जोडाक्षर हलन्तचिन्हाशी तुटत असे. त्या हिशेबाने ‘तीर्थपुरी’ चे गुच्छ पाच होत : ती, र्, थ, पु, री. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकसंध धरली जाऊ लागली. तेव्हा कोठे या शब्दाची अक्षरे चार झाली. आपल्या छंदःशास्त्राने जे गृहीत धरले होते, ते यंत्राच्या नियमात येण्यास युनिकोडच्या जन्मापासून बत्तीस वर्षे लागली. अद्याप सर्व संगणकांवर नवा नियम पोहोचला आहे असेही नाही; म्हणून एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देण्याचा संभव आजही आहे.

५. मोजणीतील प्रमाद

नाव तुटले तर ते दिसते आणि दुरुस्त करता येते. मोजणी चुकली तर ती दिसत नाही. या दुसऱ्या प्रमादाचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे, म्हणून तो येथे नोंदवितो.

एका विद्यार्थ्याने पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी अभंगांच्या चरणांची अक्षरसंख्या संगणकाच्या साहाय्याने मोजली. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असावीत, हा सर्वज्ञात नियम. सारणीत मात्र नऊ, अकरा, बारा असे आकडे येऊ लागले. संतांच्या रचनेत काही प्रमाणात शैथिल्य असते, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही उभयतांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला आणि ‘छंदशैथिल्याची कारणे’ या मथळ्याखाली चर्चाही सुरू केली. पुढे एक चरण मुखाने म्हणून बोटांवर मोजला, तेव्हा तो सहाच अक्षरांचा निघाला. आज्ञावलीने संकेतांक मोजले होते आणि आम्ही त्यांना अक्षरे समजलो होतो. दोष यंत्राचा नव्हता; मार्गदर्शकाने माप विचारले नाही, हा दोष होता.

‘विठ्ठल’ हा शब्द घेतल्यास ही चूक किती मोठी आहे ते कळते. त्यात अक्षरे तीन : वि, ठ्ठ, ल. संकेतांक सहा : व, ऱ्हस्व वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. बाइट अठरा. संकेतांकांनाच अक्षरे मानले, तर या एका नामानेच मोठ्या अभंगाचा एक चरण पुरा होईल! उलट ‘कमळ’ या शब्दात संकेतांक आणि अक्षरे दोन्ही तीनच आहेत. म्हणजे ही चूक ठरावीक प्रमाणात होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांच्या संख्येनुसार ती बदलते. त्यामुळे आलेल्या आकड्यास कशाने तरी भागून ती दुरुस्त करता येत नाही. जोडाक्षरप्रचुर संस्कृतनिष्ठ रचना आणि साध्या शब्दांची लोकगीते यांची अशा मापाने तुलना केल्यास, जो फरक आढळेल तो काही अंशी केवळ लिपीचा असेल.

वृत्ताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. ‘समर्थ’ या शब्दात ‘म’ लघू दिसत असला तरी पुढील जोडाक्षरामुळे तो गुरू होतो आणि लघू, गुरू, लघू असा ज-गण सिद्ध होतो. ‘र्’ आणि ‘थ’ वेगवेगळे मोजणाऱ्या आज्ञावलीस चार अक्षरे दिसतील आणि जोडाक्षर दिसणारच नाही; मग ‘म’ गुरू होण्याचे कारणच नाहीसे होईल.

याहून सूक्ष्म असे मराठीचे खास उदाहरण म्हणजे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातील. पहिल्यात ‘द’ वर आघात येऊन तो गुरू होतो. दुसऱ्यात आघात नसल्यामुळे तो लघूच राहतो. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. त्याचे संकेतांक पाच आणि बाइट पंधरा. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. त्याचे संकेतांक सहा आणि बाइट अठरा. पडद्यावर दोहोंचे रूप सारखेच दिसते, पण एका रूपाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकली, तर दऱ्यांचा दर्या होतो. ‘आचाऱ्यास’ बोलावणे गेले असता ‘आचार्यास’ पोहोचते, हे व्याकरणाच्या वर्गातील उदाहरण येथे अक्षरशः खरे होते. जे डोळ्यांस दिसत नाही ते निरर्थक असते, ही समजूत संहिताभ्यासात किती घातक आहे, याचा हा पुरावा होय.

६. काही व्यावहारिक नियम

वरील विवेचनावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना उपयुक्त ठरतील असे काही नियम सांगता येतील.

पहिला नियम असा की, प्रबंधात कोणतीही संख्या देताना ती बाइटांची, संकेतांकांची, अक्षरांची की मात्रांची, हे स्पष्टपणे लिहावे. जुने लेखक बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून पोथीची ग्रंथसंख्या देत. त्यांचे माप ठरलेले होते, आपलेही असावे.

दुसरा नियम छेदाचा. बाइटांची मर्यादा पाळणे भागच असेल, तर मर्यादेपासून मागे सरकत जावे. यूटीएफ-८ मध्ये १२८ ते १९१ यांमधील बाइट हा नेहमी आधीच्या चिन्हाचा पुढील भाग असतो. ज्या बाइटापासून तुकडा टाकून द्यावयाचा आहे तो या मर्यादेत येत असेल, तर एकेक बाइट मागे जावे. देवनागरीत जास्तीत जास्त दोन बाइट मागे गेल्यावर चिन्हाचा आरंभ सापडतो. येथे चिन्ह वाचते, पण अक्षर वाचेलच असे नाही. म्हणून सापडलेले चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार वा हलन्त असेल, किंवा त्याच्या लगेच आधी हलन्त असेल, तर आणखी मागे सरकावे. या रीतीने दहा बाइटांच्या मर्यादेत ‘ती’ एवढेच उरते. ते अपुरे आहे, परंतु असत्य नाही.

तिसरा नियम अक्षरमोजणीचा. स्वतंत्र स्वर आला की नवे अक्षर. व्यंजन आले की नवे अक्षर, मात्र त्याच्या आधी हलन्तचिन्ह असेल, किंवा हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असेल, तर ते आधीच्याच अक्षरात मिळवावे. इतर सर्व चिन्हे आधीच्या अक्षराची. शब्दाच्या अंती हलन्त व्यंजन असल्यास ते छंदाच्या दृष्टीने स्वतंत्र मोजू नये : ‘अर्थात्’ या शब्दाची अक्षरे दोनच. लघुगुरू ठरविताना ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांमुळे आधीचे अक्षर गुरू होत नाही, हा अपवाद आज्ञावलीस मुद्दाम सांगावा लागतो.

चौथा नियम असा की, शब्दसूची करण्यापूर्वी ‘ऱ’ ची दोन्ही रूपे एका रूपात आणावीत आणि तसे केल्याची नोंद प्रबंधात करावी. मात्र मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. पाचवा नियम सर्वांत सोपा आहे. संगणकाने दिलेल्या सारणीतील निदान काही ओळी मुखाने म्हणून, बोटांवर मोजून पडताळाव्यात.

७. समारोप

तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास वाहिलेला आहे. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावे, ओळी सारख्या असाव्यात, इत्यादी उपदेश तेथे आहे. त्यातच पानाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावे असेही सांगितले आहे. हेतू हा की, कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये. लेखनाचे साधन कधीतरी अपुरे पडणार, कडेपासून झिजणार, हे समर्थांनी गृहीत धरले आहे. आणि त्या झिजेची झळ अक्षरास लागू नये, ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकली आहे.

दहा बाइटांच्या रकान्यास समास सोडलेला नव्हता. नऊ चिन्हांच्या मराठी नावास सत्तावीस बाइट लागतात, एवढे ध्यानात घेऊन जागा आखली असती तर नावाची कड झडली नसती. हे काम केवळ तंत्रज्ञाचे आहे असे म्हणून आपणास बाजूला होता येणार नाही. मराठी अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तंत्रज्ञास सांगणारे शास्त्र आपल्याकडे आहे. ते त्याला समजेल अशा नेमक्या शब्दांत मांडणे, हे मराठी विभागांचे काम आहे. त्या विद्यार्थिनीच्या गावाचे नाव पुढच्या यादीत पूर्ण छापले जावे, एवढी माफक अपेक्षा ठेवली तरी तिच्यामागे वर्णविचार, छंदोविचार आणि संहिताविचार या तिन्हींची आवश्यकता आहे, असा प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष सांगता येईल.